मोटरच्या बेअरिंगला पोखरणारी ठिणगी

वीज वाचविण्यासाठी मोठ्या इमारती, रुग्णालये, कारखाने आणि पाणीपुरवठा केंद्रे यांच्यातील मोटरींना ‘ड्राइव्ह’ जोडण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या उपकरणामुळे वीजबिल खरोखरच कमी होते. मात्र त्याच उपकरणामुळे निर्माण होणारा एक सूक्ष्म विद्युतप्रवाह मोटरचे बेअरिंग हळूहळू पोखरून काढतो. या दुखण्याचे कारण शास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि त्यावरचे उपायही बाजारात उपलब्ध आहेत. तरीही अनेक ठिकाणी बेअरिंगमागून बेअरिंग बदलण्यातच पैसा आणि वेळ वाया जातो, तो का, हे समजून घेण्यासारखे आहे.

एखाद्या मोठ्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेत हवा खेळविणाऱ्या पंख्याचे उदाहरण घेऊ. पूर्वी हा पंखा दिवसभर एकाच वेगाने फिरत असे. व्यवस्थापन त्याच्या मोटरला ड्राइव्ह बसविते, बिल उतरते आणि सर्वांना समाधान वाटते. काही महिन्यांनी मोटरमधून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागतो. तो वाढत वाढत घरघरीवर येतो. फिटर मोटर उघडतो, बेअरिंग गेल्याचे सांगतो, नवे बेअरिंग बसवून ताजे ग्रीस भरतो. आणखी काही महिन्यांनी तोच आवाज पुन्हा सुरू होतो. मग बेअरिंग बनावट असल्याचा संशय घेतला जातो, ग्रीसचा डबा बदलला जातो, पट्टा जास्त ताणल्याचा ठपका फिटरवर ठेवला जातो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. योग्य निवडलेले आणि नीट बसविलेले बेअरिंग कित्येक वर्षे चालते. ते ओळीने काही महिन्यांतच निकामी होत असेल, तर दोष बेअरिंगच्या बाहेर शोधायला हवा.

वेग बदलण्याची किमया

उद्योगांत आणि इमारतींत सर्वाधिक वापरली जाते ती थ्री फेज इंडक्शन मोटर. तिचा वेग वीजपुरवठ्याच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. भारतात ही वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खाली, पूर्ण भारावर साधारण १४४० फेऱ्यांच्या आसपास फिरते. हवा कमी हवी असली तरी मोटरचा वेग कमी करता येत नसे. हवेच्या मार्गात झडप आडवी करून काम भागवावे लागे. नळ पूर्ण सोडायचा आणि पाणी कमी पडावे म्हणून त्याच्या तोंडावर हात धरायचा, अशी ही रीत होती.

ड्राइव्हने ही अडचण दूर केली. तो आधी एसी विजेचे डीसीमध्ये रूपांतर करतो आणि मग त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारतेची एसी वीज तयार करतो. या दुसऱ्या टप्प्याचे काम करणारा भाग म्हणजे इन्व्हर्टर. वीज गेल्यावर घरातले दिवे चालू ठेवणारा इन्व्हर्टर याच कुळातला. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती सुमारे ५१ टक्के पुरते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढविणाऱ्या पंपाच्या बाबतीत उंचीचे बंधन असल्याने बचत इतकी होत नाही, पण पंखे आणि पाणी नुसते फिरते ठेवणारे पंप यांच्या बाबतीत ती डोळ्यांत भरण्याइतकी असते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ऊर्जा बचतीचा विचार होऊ लागला की ड्राइव्हचे नाव बहुधा पहिल्या काही उपायांत निघते, ते याच गणितामुळे.

इन्व्हर्टरच्या पोटात काम करतो तो आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना हा स्विच विकसित करणारे बंटवाळ जयंत बालिगा हे मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. या कार्यासाठी त्यांना २०२४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आयजीबीटीचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची चपळाई. मायक्रोसेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो शेकडो व्होल्टचा दाब चालू किंवा बंद करू शकतो. जितक्या झटपट तो उघडझाप करतो, तितकी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज कमी. ड्राइव्ह लहान, स्वस्त आणि कार्यक्षम झाला तो या चपळाईमुळे. बेअरिंगचे दुखणे बळावले तेही याच चपळाईमुळे.

तिघांची दोन बाजूंत वाटणी

महावितरणकडून येणाऱ्या थ्री फेज विजेत एक सुंदर समतोल असतो. तिन्ही फेजचे दाब लाटांप्रमाणे वरखाली होत असतात, पण कोणत्याही क्षणी त्यांची बेरीज केली तर ती जवळजवळ शून्य येते. त्यामुळे मोटरच्या वेटोळ्यांचा एकत्रित दाब जमिनीच्या तुलनेत स्थिर राहतो.

इन्व्हर्टरमध्ये हा समतोल राहत नाही. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून तयार होणाऱ्या डीसी विजेचा दाब सुमारे ५८७ व्होल्टपर्यंत जातो. मोटरकडे जाणारी प्रत्येक तार कोणत्याही क्षणी या डीसीच्या वरच्या टोकाला तरी जोडलेली असते किंवा खालच्या टोकाला तरी. मधली जागाच नाही. तीन माणसे दोन बाजूंना समसमान वाटायला सांगितली तर ते जसे अशक्य, तसेच हे. कधी दोन तारा वर आणि एक खाली, कधी एक वर आणि दोन खाली, तर कधी तिन्ही एकाच बाजूला. बेरीज शून्य कधीच येत नाही. डीसीच्या मध्यबिंदूशी तुलना केली, तर तिन्ही तारांचा सरासरी दाब उणे २९३, उणे ९८, अधिक ९८ आणि अधिक २९३ व्होल्ट या चार पायऱ्यांवर सतत उड्या मारत राहतो. तिन्ही फेजना समान असणाऱ्या या दाबाला अभियंते ‘कॉमन मोड व्होल्टेज’ म्हणतात. मराठीत त्याला सामाईक दाब म्हणता येईल.

या उड्यांची संख्या थक्क करणारी आहे. ड्राइव्हची स्विचिंग वारंवारता ४ किलोहर्ट्झ ठेवली, तर एका चक्रात साधारण सहा याप्रमाणे सेकंदाला सुमारे २४ हजार उड्या होतात. तासाचा हिशेब आठ कोटी ६४ लाखांवर जातो.

वंगणाचा पातळ पापुद्रा

आता प्रश्न असा की, हा दाब वेटोळ्यांत असताना फिरणाऱ्या शाफ्टपर्यंत पोहोचतो कसा? वेटोळी आणि रोटर यांच्यात तारेची जोडणी नसते. मध्ये विद्युतरोधक आवरण आणि हवेची फट असते. परंतु दोन वाहकांच्या मध्ये विद्युतरोधक आला की त्याचे धारित्र म्हणजेच कपॅसिटर बनते, हे शालेय विज्ञानात सर्वांनीच वाचलेले असते. स्थिर दाबाला धारित्र अडविते, झपाट्याने बदलणाऱ्या दाबाला मात्र वाट देते. ५० हर्ट्झच्या संथ लाटेला मोटरमधील ही नकळत तयार झालेली धारित्रे फारशी दाद देत नाहीत. मायक्रोसेकंदाच्या अंशात मारलेली दीडदोनशे व्होल्टची उडी त्यांतून सहज पार होते आणि रोटरवर विद्युतभार साठू लागतो.

हा भार जमिनीत जाण्याची मोटरमधली एकच जवळची वाट असते, ती म्हणजे बेअरिंग. मोटर उभी असताना बेअरिंगचे पोलादी छर्रे आणि ते ज्या खाचेतून धावतात ती रेस एकमेकांना टेकलेली असतात. मोटरने वेग घेतला की छर्रे ग्रीसमधल्या तेलाच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर तरंगू लागतात. हा पापुद्रा मायक्रॉनच्या अंशापासून एकदोन मायक्रॉनपर्यंतच जाड असतो. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड. तेल विद्युतरोधक असल्याने हा पापुद्राही एक धारित्र बनतो आणि सामाईक दाबाचा काही हिस्सा, बहुतेक मोटरींत दोन ते दहा टक्के, त्याच्या वाट्याला येतो. २९३ व्होल्टचे दहा टक्के म्हणजे २९ व्होल्ट. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटेल, पण मायक्रॉनभर जाडीच्या तेलाला तो पेलवत नाही. पापुद्रा फाटतो आणि साठलेला भार एका सूक्ष्म ठिणगीच्या रूपाने पोलादातून निसटतो.

ही ठिणगी जिथे पडते तिथले पोलाद क्षणभर वितळते आणि मागे सूक्ष्म खळगा राहतो. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही टूलरूममधल्या कारागिराला ही क्रिया परिचयाची आहे. कठीण पोलादाचे साचे कोरण्यासाठी तो ‘स्पार्क इरोजन’ यंत्र वापरतो, त्याचे तत्त्व हेच. ठिणग्यांमुळे विजेच्या संपर्कबिंदूंची झीज का होते, याचा अभ्यास सोव्हिएत संघातील लाझारेंको दांपत्य करीत होते. ती झीज थांबविणे अवघड दिसल्यावर त्यांनी १९४३ च्या सुमारास तिलाच धातू कोरण्याच्या कामाला जुंपले. टूलरूममध्ये ही ठिणगी कारागिराच्या आज्ञेत असते. बेअरिंगमध्ये ती बेलगाम असते.

पन्हाळी पत्र्यासारख्या खुणा

एका खळग्याने बेअरिंगचे काही बिघडत नाही. लक्षावधी खळगे पडल्यावर रेसचा आरशासारखा पृष्ठभाग धुरकट, राखाडी दिसू लागतो. पुढच्या टप्प्यावर, विशेषतः मोटर दीर्घकाळ एकाच वेगाने चालत असेल तर, रेसवर आडव्या, समांतर खाचा उमटतात. पन्हाळी पत्र्याचा तुकडा सूक्ष्म करून रेसवर चिकटवावा, असे ते दृश्य असते. छर्रे या खाचांवरून धावताना मोटर गुणगुणते, कंप पावते आणि अखेर घरघरते. ठिणग्यांच्या उष्णतेने ग्रीसही जळून काळे पडते आणि त्याचा वंगणाचा गुण जातो. म्हणजे दुखणे दुहेरी होते.

येथेच निदानाची पहिली संधी असते आणि बहुतेक ठिकाणी तीच दवडली जाते. काढलेले बेअरिंग भंगारात जाते आणि पुरावाही त्याच्यासोबत नाहीसा होतो. ते कापून आतली रेस पाहिली, तर समांतर खाचा आणि काळवंडलेले ग्रीस बरेच काही सांगून जातात. यातही सावधगिरी हवी. बंद पडून असलेल्या मोटरला शेजारच्या यंत्राचे हादरे बसत राहिले तरी रेसवर खुणा उमटतात. त्या खुणांमधील अंतर बहुधा दोन छर्ऱ्यांमधील अंतराइतके असते. विजेने पडलेल्या खाचा त्याहून पुष्कळ जवळजवळ असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वितळलेल्या धातूचे खळगे दिसतात.

चालू मोटरच्या शाफ्टवरील दाब मोजण्याचीही सोय आहे, मात्र साधा मल्टिमीटर येथे उपयोगाचा नाही. मायक्रोसेकंदात येऊन जाणारा दाब त्याला दिसतच नाही. त्यासाठी उच्च क्षमतेचा ऑसिलोस्कोप आणि फिरत्या शाफ्टला अलगद टेकणारा कार्बन तंतूंचा विशेष प्रोब लागतो. पडद्यावर दाब चढत जाऊन अचानक सरळ खाली कोसळताना दिसला, तर ती ठिणगी पडल्याची खूण. हे काम फिरत्या यंत्राजवळचे असल्याने प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे.

जुने दुखणे, नवे कारण

शाफ्टवर दाब निर्माण होतो, ही गोष्ट ड्राइव्हच्या आधीपासून माहीत आहे. मोठ्या यंत्रांच्या चुंबकीय रचनेत थोडी असमानता राहिली की शाफ्टच्या दोन टोकांमध्ये दाब निर्माण होतो आणि शाफ्ट, दोन्ही बेअरिंगे व मोटरचा सांगाडा असे वर्तुळ पूर्ण करून प्रवाह फिरू लागतो. अमेरिकेतील पी. एल. अल्जर आणि एच. डब्ल्यू. सॅमसन यांनी १९२४ मध्येच या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. एका टोकाचे बेअरिंग विद्युतरोधक करून हे वर्तुळ तोडावे, हा उपाय तेव्हापासून रूढ आहे.

आयजीबीटीचे ड्राइव्ह १९९० च्या दशकात पसरले आणि पूर्वी हा त्रास कधीच न जाणवलेल्या लहान मोटरींची बेअरिंगेही जाऊ लागली. एर्डमन, कर्कमन, श्लेगेल आणि स्किबिन्स्की या अमेरिकेतील अभियंत्यांनी १९९५ मध्ये इन्व्हर्टरचा सामाईक दाब आणि बेअरिंगमधील प्रवाह यांचा संबंध उलगडून दाखविला. पुढे जर्मनीतील डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठात अॅनेट म्युट्झे आणि आंद्रेआस बिंडर यांनी वेगवेगळ्या आकारांच्या मोटरींवर पद्धतशीर प्रयोग केले. एकच औषध सर्व मोटरींना का लागू पडत नाही, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

कारण प्रवाहाच्या वाटा एकाहून अधिक आहेत. लहान मोटरींत वर वर्णन केलेल्या ठिणग्यांचा त्रास प्रमुख असतो. साधारण १०० किलोवॉटच्या पुढील मोटरींत आणखी एक भर पडते. वेटोळ्यांतून सांगाड्यात झिरपणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह शाफ्टभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि त्यातून शाफ्ट व दोन्ही बेअरिंगे यांच्या वर्तुळात प्रवाह फिरू लागतो. तिसरी वाट मोटरच्या बाहेर जाते. मोटरचे अर्थिंग कच्चे आणि तिला जोडलेल्या पंपाचे अर्थिंग पक्के असेल, तर प्रवाह शाफ्टवरून कपलिंगमार्गे पंपात किंवा गिअरबॉक्समध्ये उतरतो. अशा वेळी मोटर ठणठणीत राहते आणि शेजारचे यंत्र आजारी पडते. तिथला फिटर ड्राइव्हकडे बोट दाखविण्याची शक्यता तर आणखीच कमी.

वाट द्या, वाट अडवा, उगम कमी करा

उपायांचे तीन गट पडतात. पहिला, साठणाऱ्या भाराला बेअरिंगऐवजी दुसरी सोपी वाट देणे. यासाठी शाफ्टभोवती कार्बनच्या सूक्ष्म तंतूंचे कडे बसवितात. शेकडो तंतू शाफ्टला अलगद टेकलेले असतात आणि भार साठण्याआधीच तो मोटरच्या सांगाड्यामार्गे जमिनीत उतरवितात. पूर्वी हेच काम स्प्रिंगने दाबलेल्या कार्बन ब्रशकडून करून घेत. तो झिजतो, त्याची देखभाल लागते आणि धुळीत किंवा तेलकट जागी त्याचा संपर्क सुटतो. कडे बसवितानाही शाफ्टचा तेवढा भाग रंग, गंज आणि ग्रीसपासून स्वच्छ असावा लागतो. रंगावर बसविलेले कडे नुसतेच शोभेचे ठरते.

दुसरा गट वाट अडविणाऱ्या उपायांचा. बेअरिंगच्या कड्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर देतात किंवा पोलादी छर्ऱ्यांऐवजी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे छर्रे वापरतात. दोन्ही उपाय गुणकारी असले तरी त्यांची मर्यादा ओळखायला हवी. थर दिलेले बेअरिंग स्वतःच एक धारित्र असते. वर्तुळात फिरणारा प्रवाह ते चांगला रोखते, पण ठिणग्यांपासून त्याचे संरक्षण प्रत्येक वेळी पुरेसे ठरेलच असे नाही. दोन्ही बाजूंची बेअरिंगे विद्युतरोधक केली आणि भाराला दुसरी वाट दिली नाही, तर शाफ्टवरचा दाब कायम राहून तो जोडलेल्या पंपाच्या बेअरिंगवर किंवा वेग मोजणाऱ्या एन्कोडरवर उतरतो.

म्हणून सर्वसाधारण शिफारस अशी केली जाते: लहान मोटरला एका बाजूला कार्बन तंतूंचे कडे पुरेसे आहे. मोठ्या मोटरला मागच्या बाजूचे बेअरिंग विद्युतरोधक हवे आणि कडे पुढच्या, म्हणजे भार जोडलेल्या बाजूला हवे. या जागा महत्त्वाच्या आहेत. विद्युतरोधक बेअरिंग आणि कडे एकाच बाजूला बसविले, तर बेअरिंगने तोडलेले वर्तुळ कडे पुन्हा जोडून देते आणि दुसऱ्या बाजूचे बेअरिंग बळी पडते. दोन महागडे उपाय करूनही फळ न मिळण्यामागे कित्येकदा एवढीच चूक असते.

तिसरा गट उगमापाशी दाब कमी करण्याचा. स्विचिंग वारंवारता अनेक ड्राइव्हमध्ये नुसत्या मांडणीतून बदलता येते. ती १२ किलोहर्ट्झवरून ४ वर आणली, तर उड्यांची संख्या एकतृतीयांश होते. मात्र मोटरची किणकिण कानाला अधिक जाणवू लागते, म्हणून पुष्कळदा ती शांततेसाठी वर नेऊन ठेवलेली असते. तिन्ही तारा एकाच बाजूला येण्याचे क्षण टाळणारी स्विचिंगची पद्धत वापरली, तर सामाईक दाब २९३ ऐवजी ९८ व्होल्टच्या पायरीवरच राहतो. त्याची किंमत मोटरच्या प्रवाहातील वाढलेल्या खळबळीने चुकवावी लागते. तीन पातळ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये उड्याच लहान असतात, पण तो महाग पडतो. मोटरच्या तिन्ही तारा एकत्र ओवून घेणारी चुंबकीय कडी, म्हणजे कॉमन मोड चोक, मोठ्या मोटरींतील फिरत्या प्रवाहाला आळा घालतात. लहान मोटरींतल्या ठिणग्यांवर त्यांचा प्रभाव थोडा असतो. विक्रेता कोणता उपाय सुचवितो आहे आणि तो कोणत्या प्रवाहावर चालतो, हे म्हणूनच विचारून घ्यायला हवे.

दोन अर्थिंग असूनही

‘मोटरला दोन अर्थिंग आहेत, मग काळजी कसली?’ असा प्रश्न देखभाल विभागात हमखास विचारला जातो. भारतीय विद्युत नियमांनी मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या सक्तीच्या केल्या, त्या माणसांना विजेचा धक्का बसू नये म्हणून. त्या आवश्यकच आहेत. पण ५० हर्ट्झच्या प्रवाहाला जी लांब, गोल तार मोकळ्या रस्त्यासारखी असते, तीच तार लक्षावधी हर्ट्झच्या प्रवाहाला अडथळ्यासारखी वाटते. अशा प्रवाहासाठी रुंद, चपट्या, विणलेल्या तांब्याच्या आखूड पट्ट्या लागतात. मोटर आणि तिने चालविलेला पंप यांचे सांगाडे अशा पट्टीने एकमेकांना जोडले, तर शाफ्टवरून पंपात उतरणाऱ्या प्रवाहाची वाट बरीचशी बंद होते.

केबलचेही तसेच. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत सुट्या तारा ट्रेमध्ये टाकून देण्याऐवजी तिन्ही फेज आणि अर्थिंगच्या तारा समप्रमाणात गुंफलेली, बाहेरून धातूचे कवच असलेली केबल वापरावी. हे कवच दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये सर्व बाजूंनी घट्ट बसले पाहिजे. कवच सोलून, त्याची शेपटीसारखी वळी करून एका स्क्रूखाली अडकविण्याची सवय सर्रास दिसते. तिच्यामुळे महागड्या केबलचा अर्धा गुण वाया जातो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरींबाबत आयईसी ६००३४-२५ हा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज सविस्तर मार्गदर्शन करतो. तो कंत्राटाच्या अटींत नमूद केला, तर पुढचे बरेच वाद टळतात.

रेल्वेचा धडा

मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासातही या विषयाचा एक धागा आहे. विजेवर धावणाऱ्या गाडीचा परतीचा प्रवाह चाकांतून रुळांत उतरतो. तो चाकांच्या आसाच्या बेअरिंगमधून जाऊ नये, म्हणून आसाच्या टोकाला अर्थिंग ब्रश बसवून त्याला वेगळी वाट देण्याची रीत रेल्वेत जुनी आहे. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या थ्री फेज मोटरींच्या गाड्या २००७ पासून मोठ्या संख्येने मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आल्या. रेल्वेच्या अशा मोटरींमध्ये विद्युतरोधक बेअरिंग वापरण्याची पद्धत जगभर आहे. गाडी रुळांवर येण्यापूर्वी, आराखड्याच्या कागदावरच हा विचार केलेला असतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि बस यांच्यामुळे हा प्रश्न आता रस्त्यावरही आला आहे. या वाहनांतील बॅटरीचा दाब ४०० व्होल्टवरून काही वाहनांत ८०० व्होल्टपर्यंत गेला आहे आणि आयजीबीटीपेक्षाही चपळ असे सिलिकॉन कार्बाइडचे स्विच वापरात येत आहेत. दाब अधिक, उडी अधिक झटपट, म्हणजे बेअरिंगची परीक्षाही अधिक कठोर. त्यामुळेच वाहन उद्योगात शाफ्टचे अर्थिंग आणि सिरॅमिक छर्ऱ्यांची बेअरिंगे यांना महत्त्व आले आहे.

इमारती आणि लहान कारखाने यांच्या वाट्याला मात्र असा आधीचा विचार क्वचितच येतो. तेथे मोटर एकाकडून, ड्राइव्ह दुसऱ्याकडून, केबल तिसऱ्याकडून घेतली जाते आणि जोडणी चौथा करतो. प्रत्येकाचा माल आपापल्या जागी निर्दोष असतो. ठिणगी जन्माला येते ती त्यांच्या एकत्र येण्यातून, आणि त्या एकत्र येण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. बेअरिंग गेले की चौघेही हात वर करतात. बिल भरतो तो ग्राहक आणि बोल खातो तो फिटर.

हे टाळण्यासाठी खरेदीच्या वेळी मोजकेच प्रश्न विचारायला हवेत. मोटर ड्राइव्हवर चालण्यासाठी बनविली आहे काय? तिच्या शाफ्टला अर्थिंगचे कडे आहे काय, आणि ती मोठी असेल तर मागचे बेअरिंग विद्युतरोधक आहे काय? केबल कोणती आणि तिचे कवच दोन्ही टोकांना कसे बांधणार? ड्राइव्हची स्विचिंग वारंवारता किती ठेवणार? या सर्वांची उत्तरे देणारा एक जबाबदार माणूस कोण? जेथे ड्राइव्ह आधीच बसले आहेत, तेथे पुढच्या वेळी काढलेले बेअरिंग भंगारात न टाकता कापून पाहावे, एवढी सुरुवात पुरेशी आहे. रुग्णालयातला एखादा पंखा किंवा पाणीपुरवठ्याचा एखादा पंप ऐन वेळी थांबला, तर होणारे नुकसान बेअरिंगच्या किमतीत मोजता येत नाही. विजेची बचत हे चांगलेच काम आहे. ती बचत बेअरिंगच्या खर्चात पुन्हा हातची जाऊ नये, यासाठी मोटरच्या शाफ्टवरचा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हे ड्राइव्ह सुरू करण्याआधीच ठरलेले असावे.